धुईच्या दिवशी होडीनं बेटावर जायचं असेल तर

धुई, म्हणजे दाट धुकं, पडणार की नाही, हे आदल्या रात्री अंगणात उभं राहिलं की बऱ्यापैकी कळतं. आभाळ मोकळं, चांदण्या ठसठशीत, झाडाचं पान हलत नाही आणि रानात ओल आहे, असं असलं की पहाटे धरणावर धुई बहुतेक धरतेच. आभाळ भरलेलं असेल तर सहसा नाही, कारण ढगांमुळं जमिनीची ऊब वर निघून जात नाही आणि रात्र हवी तेवढी गार होत नाही. वारं सुटलं असेल तरी नाही. तूर फुलोऱ्यात असली की अशा रात्री शेतकऱ्याला झोप लागत नाही, धुईनं फूल गळतं. पण ज्याला नाथसागरातलं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यातलं, बेट बघायचंय, त्याच्यासाठी हिवाळ्यातले हे थोडेच दिवस फार मोलाचे असतात. ते तितकेच धोक्याचेही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सासर पैठण तालुक्यात, जायकवाडीच्या बॅकवॉटरला लागून. घर भोयाचं. मामंजींनी जन्मभर जाळी टाकली, आता दीर टाकतात. मी अंगणवाडीत काम करते. हिवाळ्यात संभाजीनगर, जालना, बीडकडून नातलग आणि ओळखीची माणसं येतात. त्यांचे फोन, कागद, डबे, होडीतली लाइफ जॅकेटं ही माझी जबाबदारी आणि होडी भाऊजींची. होडी कधी सोडायची हे एकटे भाऊजी ठरवतात, त्यात माझंसुद्धा चालत नाही.

आधी पाण्याचा हिशेब

फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो ‘धरण किती टक्के आहे?’ हा. इकडं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. नाथसागराची भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, तिला २७ दरवाजे, आणि धरण भरलं की पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. एवढं पाणी खोल दरीत साठलेलं नाही, ते बशीत ओतल्यासारखं पसरलंय. त्यामुळं पातळी दोन-चार फूट उतरली तरी काठ लांबवर आत सरकतो. पूर्ण पातळी १५२२ फूट. तेव्हा बेटं लहान असतात आणि होडी थेट आमच्या पाणंदीच्या तोंडाशी लागते. पाणी निम्म्यावर आलं की तीच होडी काळ्या चिखलापलीकडं उभी असते आणि तिथवर चालत जावं लागतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर ही गोष्ट आधीच विचारून घ्या. उन्हाळ्यात तर काही बेटं काठाला जोडली जातात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात.

ही बेटं म्हणजे पाण्यात गेलेल्या शिवारांतले उंच माळ. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हातून लोकार्पण झालं, आणि मधल्या वर्षांत शंभराहून जास्त गावं उठली. आमचंही उठलं. ज्या बेटावर आम्ही माणसं नेतो, तो मामंजींच्या जुन्या गावाचा गायरान माळ. त्याच्या टोकाला म्हसोबाचा दगड अजून आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पाण्याखाली काय आहे हे माहीत असलेला नावाडी आणि नसलेला नावाडी यांत फार फरक पडतो. खाली विहिरींचे कठडे आहेत, घरांची जोती आहेत, वाळून काळ्या पडलेल्या बाभळी आहेत. पाणी उतरत जातं तशी ही सगळी वर यायला लागतात. स्वच्छ उन्हात ती लांबून दिसतात, धुईत होडी त्यांच्यावर आपटल्यावरच कळतं. त्यामुळं त्याच पट्ट्यात रोज जाळी टाकणारा माणूस शोधा. दुसऱ्या काठाचा नावाडी कितीही हुशार असला तरी धुईच्या दिवशी तो आमच्या पाण्यात नवाच.

काळ म्हणाल तर मार्गशीर्ष आणि पौष, म्हणजे डिसेंबर-जानेवारी उत्तम. मार्च ते मे बेटावर पाय ठेवू नका. त्या दिवसांत नदी सुरय उघड्या खडीवर, नुसत्या खळग्यात अंडी घालतात. अंडं खड्याच्याच रंगाचं असतं, पायाखाली गेलं तरी समजत नाही. आणि पक्षी घाबरून उठला तर उन्हात अंडी भाजून निघतात.

परवानगी आणि होडी

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं वन विभागाची परवानगी लागते. ती आधी काढा. कागद हातात असल्याशिवाय भाऊजी कुणालाही होडीत घेत नाहीत, सख्ख्या मेहुण्यालासुद्धा नाही. अर्जात माणसांची नावं, तारीख आणि जायचं कारण सरळ लिहायचं. शक्य असेल तर लागोपाठची दुसरी तारीखही मागून ठेवा, कारण धुई तुमच्या तारखेचं बंधन पाळत नाही.

काठावर तुम्हाला थर्माकोलचे तराफे दिसतील. गोणपाटात किंवा जाळीत थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेले. जाळी ओढायला आमची माणसं ते वापरतात, पोटासाठी वापरतात. पाहुण्यानं त्यावर बसायचं नाही, फोटोसाठीही नाही. रुंद बुडाची, मागं इंजिन असलेली होडी पाहिजे आणि इंजिन असलं तरी वल्ही आत असलीच पाहिजेत. होडीत बसण्याआधी चार गोष्टी डोळ्यानं बघा: वल्ही, नांगर आणि त्याचा लांब दोर, पाणी उपसायचा डबा, आणि प्रत्येक माणसाला एक जॅकेट. नांगर नसेल तर धुईच्या दिवशी ती होडी नकोच. का ते पुढं येईल.

जॅकेट नुसतं मोजून घेऊ नका, घालून बघा. बकल लागतं का, पट्टा कुजलाय का, लेकराचं जॅकेट लेकराच्या मापाचं आहे का. जॅकेट खांद्यापाशी धरून वर उचललं आणि लेकरू त्यातून खाली निसटलं, तर ते मोठं आहे. थंडीमुळं बायका जॅकेटवरून शाल घेतात. तसं करायचं नाही. स्वेटर आत, जॅकेट सगळ्यात वर. साडी नेसून यायला हरकत नाही, पण पदर खोचून घ्या आणि इंजिनपासून लांब बसा. पायात गमबूट नको. चिखल काढायला बरे वाटतात, पण पाण्यात पडल्यावर भरतात आणि पाय उचलू देत नाहीत. जुन्या चपला बऱ्या.

पैशाचं आधी बोलून घ्या

हा भाग लोक टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जीव यावरच टांगलेला असतो. होडी सुटली तर पैसे, नाहीतर नाही, असा व्यवहार असला की नावाड्यावर दडपण येतं. त्यानं त्या पहाटे जाळी काढलेली नसते, म्हणजे मासळीचा दिवस गेलेला असतो. वरून पाच-दहा माणसं काठावर उभी राहून घड्याळ बघत असतात. अशा वेळी चांगला माणूसही म्हणतो, चला, हळूहळू जाऊ. म्हणून आम्ही फोनवरच सांगतो: नाव सुटो न सुटो, भाऊजींचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यायचा. गेलो तर ठरलेली पूर्ण रक्कम, नाही गेलो तर रोज आणि चहापाणी. हे मान्य असेल त्यांनीच यावं. तुम्ही दुसरीकडं कुठं गेलात आणि तिथं कुणी असं मागितलं नाही, तरी तुम्ही आपण होऊन सांगा. ‘दादा, तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा रोज ठरलेला’ एवढं वाक्य आदल्या दिवशी बोललं की सकाळी तो माणूस धुईकडं मोकळ्या मनानं बघतो.

घरून निघताना

संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. बिडकीन, ढोरकीन करत रस्ता येतो. एरवी सव्वा-दीड तास लागतो, धुईत त्यापेक्षा बराच जास्त धरा. या दिवसांत ऊसतोडीचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल पट्टीसुद्धा नसते. गाडीचा दिवा खाली ठेवा, वरचा दिवा लावला की धुईच उजळते आणि पुढचं काही दिसत नाही. ट्रॉली मागून ओलांडायची घाई करू नका. घाई कसली, होडी नऊच्या आधी सुटणारच नाहीये. मी पाहुण्यांना उजाडल्यावरच निघा म्हणून सांगते. काही जणांना पहाटे साडेपाचला काठावर पोचायची हौस असते. त्यांनी आदल्या रात्री पैठणला मुक्काम करावा.

खायला धपाटे आणावेत. ज्वारीच्या पिठाचे, तीळ-लसूण घातलेले, दिवसभर टिकतात, बोटीत बसून हातावर खाता येतात आणि गार झाले तरी चांगले लागतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. दशम्या असल्या तर फारच छान. वेफर्सची पाकिटं आणू नका, रिकामं पाकीट हातातून सुटलं की पाण्यात जातं. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी खिशात काहीतरी ठेवावंच, कारण या दिवशी जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. पाणी घरचं.

मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, पाण्यावर मध्येच रेंज जाते. रेंज नसली तरी आपली जागा नकाशावर दिसत राहते. काठावर होडीजवळ उभं राहून ती जागा खूण करून ठेवा. मोबाईलमधलं होकायंत्र इंजिनजवळ धरू नका, लोखंडाजवळ ते चुकीची दिशा दाखवतं. आणि एक साधी शिट्टी आणा. गळ्यात दोरीत अडकवलेली, शाळेतल्या पीटीच्या सरांची असते तसली. मोबाईलपेक्षा तिचा भरवसा मला जास्त वाटतो.

काठावर थांबणं

काठावर आलात की आधी पायाखाली बघा. बॅकवॉटरच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाईप आणि काळ्या केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या असतात, जोड कधी कधी नुसत्या चिकटपट्टीचे. धुईत त्या दिसत नाहीत. लेकरांचा हात धरा, केबल ओलांडायची वेळ आली तर तिला पाय लागू देऊ नका, आणि आमच्या मळलेल्या वाटेनंच या.

मग थांबायचं. आम्ही थोडं वर, चिंचेखाली शेकोटी पेटवतो. आत्याबाई चहा ठेवतात. हुरडा धरलेला असेल तर शेजारच्या रानातून चार कणसं येतात. हरभऱ्यात हात घालून बघा, पानावर आंब धरलेली असते, बोट चाटलं की जीभ आंबते. संडास आमच्या घरी आहे, बायकांनी न लाजता इथंच जाऊन यावं. बेटावर आडोसा नाही आणि बायका त्यामुळं सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे. पाणी प्या.

होडी कधी सोडायची याची आमची खूण ठरलेली आहे. काठापासून आत पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे आणि तिच्या बरंच पलीकडं जुन्या लाइनचा विजेचा खांब. बाभूळ दिसायला लागली की पाहुणे उठतात. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, ‘भाऊजी, दिसतंय की आता.’ भाऊजी जागचे हलत नाहीत. ‘तुम्हाला बाभूळ दिसली. मला खांब दिसू द्या,’ म्हणतात. खांब दिसल्यावरही ते एक बिडी संपेपर्यंत बसतात, कारण धुई उठते तशी परत बसतेही. सूर्य वर आला की काठावरची धुई आधी विरते. जमीन लवकर तापते, पाण्यावरची मागं राहते. काठावर लख्ख ऊन आणि मध्यावर पांढरी भिंत, असा अर्धा तास मध्ये येतो. नवख्या माणसाला वाटतं झालं, निघू. हाच अर्धा तास सगळ्यात फसवा.

तुमच्या काठावर बाभूळ आणि खांब नसतील. नावाड्याला विचारा, तुमची खूण कोणती? एक जवळची, एक लांबची. लांबची दिसेपर्यंत थांबायचं. खूण सांगता येत नसेल आणि ‘आपल्याला सवय आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्या दिवशी बसू नका.

साडेअकरापर्यंत खांब दिसला नाही, तर आम्ही बेट रद्द करतो. एवढा उशीर झाला की परतीला दुपारच्या वाऱ्यात सापडायची भीती असते आणि पसरट पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसल्यानं लाटा लगेच उठतात. मग पैठणला जा. नाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, नाथवाडा बघा, नागघाटावर बसा, पैठणी विणताना बघा. एका मागावर विणकर बसलेला असतो आणि पदरावरचा मोर काडीकाडीनं उमटत असतो. तिथं तास कसा जातो कळत नाही. ज्ञानेश्वरांचं आपेगावही जवळच आहे. पण बेटाचा हट्ट धरू नका. मागं एकदा एका गटाला घाई होती. आमच्याकडं थांबायचं नाही म्हणून ते दुसऱ्या काठावरून दुसऱ्या होडीनं गेले. मध्यावर धुई परत बसली, इंजिनच्या पंख्यात कुणाचंतरी जाळं गुंतलं, आणि त्यांचा आवाज कुठून येतोय हे कळायलाच आमच्या लोकांना फार वेळ लागला. माणसं सुखरूप आली, पण त्यांतल्या एका आजीबाईंचा थरकाप संध्याकाळपर्यंत थांबला नव्हता.

पाण्यावर

एकेकानं चढायचं. आधी पुढचा माणूस बसू द्यायचा, मग दुसऱ्यानं पाय टाकायचा. कडेवर पाय न देता सरळ मधोमध. जड माणसं मध्ये, दोन्ही बाजूंना सारखी. बसलात की उठायचं नाही. फोटोसाठी उभं राहणारा माणूस होडीत नको, हे मी तोंडावर सांगते.

सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता, तर थवा उठतो तो. धुई विरत असते, पाणी दुधाळ असतं, समोर काळे ठिपके दिसतात. ते वारकरी असतात, पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, शेकड्यांनी. होडी जवळ गेली की ते पाण्यावर पाय आपटत पळायला लागतात. चट-चट-चट असा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, आणि पाठोपाठ चक्रवाकांची जोडी ओरडत वरून निघते. होडीतली सगळी माणसं एकदम त्या बाजूला झुकतात. दहा माणसांचं वजन एका अंगाला गेलं की होडी पाणी घेते. म्हणून निघण्याआधी काठावरच सांगून ठेवायचं: थवा उठला की मान वळवायची, कंबर नाही. शिवाय थव्यात होडी घालायचीच नाही. इंजिन मंद करून बाजूनं जायचं. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी आपल्या फोटोसाठी दहा वेळा उठवला तर त्यानं खायचं कधी?

जाळ्यांची काळजी घ्या. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या एका रेषेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. कुणाचीतरी रात्रीची मेहनत आहे ती. पुढं बसलेल्या माणसानं तेवढंच काम करावं, बाटली दिसली की हात वर करायचा.

आता मध्यावर असताना धुई परत बसली तर काय करायचं. आधी इंजिन बंद. मग नांगर टाकायचा. माणसाला वाटतं, सरळ जात राहिलो तर कुठंतरी काठ लागेल. धुईत सरळ जाता येत नाही. डोळ्याला धरायला काही नसलं की होडी हळूहळू वळत जाते आणि चालवणाऱ्याला ते जाणवतसुद्धा नाही. म्हणून नांगर हवा म्हटलं मघाशी. उभं राहिलात की निदान आपण कुठं आहोत हे बदलत नाही. मग गप्प बसायचं, अगदी गप्प, आणि ऐकायचं. काठावरच्या मोटारीचा आवाज, देवळातल्या भोंग्यावरचा अभंग, कुत्रं, रस्त्यावरचा ट्रॅक्टर. पण एका आवाजावर विसंबू नका, धुईत आवाजाची दिशा चकवते. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायचं, कुठून येतोय, हात करा. सगळ्यांचे हात एकीकडं गेले तर खरं. शिट्टी ठरावीक अंतरानं वाजवत राहायची, म्हणजे दुसरी होडी येत असेल तर तिला कळेल. भाऊजी मोबाईलवरची काठाची खूण बघतात, पण होडी हाकतात ती स्वतःच्या जाळ्याच्या रेषेनं. जाळं कुठून कुठं टाकलंय हे त्यांना पाठ असतं. बाटली-बाटली करत वल्ह्यानं काठ गाठायचा. वल्ह्यानंच, इंजिन लावायचं नाही.

लेकरं घाबरतात. त्यांना काम द्या. शिट्टी त्यांच्याकडं द्या. अगदी लहान लेकरू, पाच-सहा वर्षांच्या खालचं, धुईच्या दिवशी आम्ही नेतच नाही. ते काठावर आत्याबाईंपाशी राहतं आणि हुरडा खातं.

बेटावर

होडी बेटाला लागली की आधी भाऊजी उतरतात आणि बांबूनं चिखल बघतात. काळी माती वरून टणक दिसते, पाय दिला की पोटरीपर्यंत जाते. त्यांनी दाखवलेल्या खडकाळ जागेवरूनच चढा.

बेट फार मोठं नाही, सावकाश चाललं तरी लवकर फिरून होतं. पण फिरू नका लगेच. उंचवट्यावर एका ठिकाणी बसा, पाठीला झुडूप घेऊन. धुई पाण्यावरून निघत असते आणि एकेक गोष्ट उघडी पडत जाते: आधी जवळचा राखी बगळा, मग चिखलात चोच घालणारे रंगीत करकोचे, मग पलीकडच्या उथळ पाण्यातली तलवार बदकं आणि थापट्ये. पट्टकदंब हिवाळ्यात येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. अग्निपंख म्हणजे रोहित पक्षी दरवेळी दिसतीलच असं नाही. पाणी उतरून उथळ जागा तयार झाल्या की शक्यता वाढते. दुर्बीण एकच असेल तर ती फिरती ठेवा. भडक रंगाचे कपडे नकोत, मातकट बरे. स्पीकर, ड्रोन, फटाका-बिटाका काही नाही, आणि चूलही पेटवायची नाही. धपाटे त्यासाठीच आणलेत.

मामंजी सोबत असले तर म्हसोबापुढं नारळ फोडतात आणि मग हातवारे करून सांगतात, इथं पाणंद होती, तिकडं वेशीचं वडाचं झाड, त्या तिथं शाळा. समोर सगळं पाणी असतं. त्यांना प्रश्न विचारा, त्यांना आवडतं. फक्त तिथला दगड, खापर, विटेचा तुकडा उचलून खिशात घालू नका. काहींना वाटतं जुनी आठवण म्हणून न्यावं. ती कुणाच्यातरी घराची भिंत आहे, आणि अभयारण्यातून काही न्यायचंही नसतं.

दोन तास पुरेत. नारळाच्या शेंड्यासकट सगळा कचरा पिशवीत भरून होडीत.

परत

दुपारी दोनच्या आत बेट सोडायचं, हा आमचा नेम. ऊन चांगलं असतं, माणसं रमलेली असतात आणि अजून थोडं थांबू म्हणतात. पण धुई असलेल्या दिवशी सकाळी वारं पडलेलं असतं, त्यावरून दुपारचा अंदाज बांधता येत नाही. पाण्यावर दूर काळसर पट्टा सरकताना दिसला की ते वारं आहे. तो दिसायच्या आत होडीत बसलेलं बरं. वाटेत लाटा आल्याच तर होडी त्यांना आडवी घालायची नाही. तोंड लाटेकडं तिरपं ठेवून जायचं, मग लांबचा फेरा पडला तरी पडू द्या. जॅकेट परतीलाही काढायचं नाही, उकडलं तरी. शेवटचं कासराभर अंतर राहिलं की लोक बकल सोडायला लागतात आणि नेमकं तिथंच होडीतून उठताना माणसं पडतात.

काठावर आल्यावर जॅकेटं उन्हात वाळत टाकून द्या, ओली गुंडाळून ठेवली की पट्टे कुजतात. नावाड्याचे पैसे तिथंच द्या. आणि सकाळी ज्याला सांगून गेला होतात, घरी किंवा काठावर, त्याला लगेच फोन करून पोचल्याचं कळवा. आमच्याकडं ते काम माझं. अडीचपर्यंत होडी दिसली नाही तर मी शेजारच्या वस्तीवर सांगते आणि तिथली दोन माणसं दुसरी होडी काढून निघतात. तुम्ही परस्पर गाडीत बसून गेलात आणि कळवलं नाहीत, तर ती माणसं संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाण्यावर शोधत राहतील.